दोन घाट, एक चारिका

आपल्या निवासी विद्यालयाच्या सहलींच्या नोंदवहीत दोन नावे वर्षाआड येतात. एका वर्षी नाणेघाट आणि जुन्नर, दुसऱ्या वर्षी कार्ले आणि भाजे. बस पहाटे निघते आणि रात्री उशिरा परतते. दुसऱ्या दिवशी निबंध लिहून घेतला जातो. त्या निबंधांत लेण्यांना दोन ओळी मिळतात, बसमधल्या गाण्यांना एक पान मिळते. मुलांचा यात दोष नाही. अडीचशे किलोमीटर बसून काढायचे आणि लेण्यासमोर चाळीस मिनिटे उभे राहायचे, अशी योजना आपणच केलेली असते.

या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही एक सूचना मांडत आहोत. या दोन वाटा एकत्र जोडून एकच दीर्घ पदयात्रा काढावी. अंधेरीच्या कोंडिविटे लेण्यांपासून, म्हणजे लोक ज्यांना महाकाली लेणी म्हणतात तेथून, निघावे आणि बोरिवलीच्या कान्हेरीला जावे. मग कल्याण, मुरबाड, वैशाखरे करत नाणेघाट चढून जुन्नर गाठावे. तेथून दक्षिणेकडे वळून देहूरोड, कार्ले आणि भाजे करावे. शेवटी राजमाचीवरून कोंडाणे लेण्यांकडे उतरून कर्जतमार्गे कल्याणला परतावे. एका घाटाने चढायचे आणि दुसऱ्या घाटाच्या बाजूने उतरायचे. थोडी वाहनाची मदत घेतली, तर दिवाळीच्या सुट्टीतले पंधरा दिवस पुरतात.

दोन सहली दोन वर्षांत होतातच, मग जोडायच्या कशाला, असा प्रश्न शिक्षकदालनात आला. त्याचे उत्तर कान्हेरीच्या भिंतींवरच आहे. कान्हेरीत शंभराहून अधिक लेणी आहेत आणि तेथील दानलेखांत दात्यांची गावे कोरलेली आहेत. कल्याण आहे, सोपारा आहे, नाशिक आहे. काही वर्षांपूर्वी आम्ही ब्राह्मीतील ‘कलियण’ हा शब्द मुलांना अक्षर अक्षर लावून वाचायला दिला. आठवीतला एक मुलगा ओरडला, “सर, कल्याण फास्ट!” सगळे हसले, आम्हीही हसलो. पण त्या हसण्यात इतिहासाचा एक धडा पक्का बसला. दोन हजार वर्षांपूर्वीचा दाता ज्या गावाहून आला, ते गाव मुलाला रोज घोषणेत ऐकू येते. त्याच कल्याणच्या एका लोहाराचा एक लेख कान्हेरीत आहे. त्याने दान म्हणून मूर्ती दिली नाही की खोली कोरून दिली नाही. त्याने पथ, म्हणजे वाट, दान केली. लोखंड तापवणाऱ्या माणसाने आपल्या कमाईतून डोंगरावरची पायवाट घडवून द्यावी आणि तेवढ्यासाठी त्याचे नाव आजवर टिकावे, ही गोष्ट बसच्या खिडकीतून कळत नाही.

लेणी ही सुटी सुटी स्मारके नव्हेत. ती रस्त्यावरची ठाणी होत. सोपारा आणि कल्याण ही बंदरे. तेथे उतरलेला माल बैलांच्या पाठीवरून नाणेघाटाने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जाई, नाहीतर बोरघाटाच्या वाटांनी मावळात चढे. व्यापारी वर्षाचे आठ महिने चालत, भिक्खूही तेवढेच चालत, आणि पावसाळ्यात दोघांनाही छप्पर लागे. म्हणून जेथे घाट तेथे लेणी. जुन्नरच्या भोवती मानमोडी, तुळजा, शिवनेरी आणि लेण्याद्री मिळून दोनशेहून अधिक कोरीव लेणी आहेत. बोरघाटाच्या तोंडाशी कार्ले, भाजे आणि बेडसे आहेत, पायथ्याशी कोंडाणे. जुन्नरच्या लेखांत यवन दाते भेटतात, कार्ल्याच्या खांबांवरही भेटतात. कार्ल्याच्या यवनांचे धेनुकाकट हे गाव कान्हेरीच्या लेखातही येते. ते नेमके कोठे होते, यावर विद्वानांत अजून वाद आहे. जो मुलगा एका वर्षी जुन्नर पाहतो आणि पुढच्या वर्षी कार्ले, त्याला हे धागे जुळत नाहीत. मधे परीक्षा येते, वर्ग बदलतो, वही रद्दीत जाते. आठ दिवसांच्या अंतराने तेच नाव दुसऱ्या डोंगरावर वाचले, तर तो आपणहून विचारील.

येथे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून एक कबुली देणे भाग आहे. नाणेघाटातील नागनिकेचा प्रसिद्ध लेख धम्माचा नाही. त्यात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायींची जंत्री आहे. आपल्यापैकी काही उत्साही कार्यकर्ते मुलांना ते सांगत नाहीत. आम्ही सांगतो. ज्या घराण्याने यज्ञ केले, त्याच घराण्याच्या काळात भिक्खुसंघालाही दाने मिळाली. हे गुंतागुंतीचे चित्र चौदा वर्षांच्या मुलाला समजते, फक्त सांगणाऱ्याने घाबरू नये. लेण्याद्रीवर आज गणपती आहे आणि कार्ल्याच्या चैत्यासमोर एकवीरेचे देऊळ आहे. तेथे घोषणा देऊन काही साधत नाही. मोजपट्टी काढावी, स्तूपाचा घेर मोजावा, लेखाची अक्षरे उतरवून घ्यावीत. मोजलेली गोष्ट नाकारणे कठीण असते.

खरा आक्षेप मात्र शिक्षकदालनातून आला नाही. तो पालकसभेत आला. हंगामात ऊसतोडीला जाणारे एक वडील उभे राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, आमच्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्याच की. पोरगं शाळेत घातलं ते चालायचं सुटावं म्हणून.” सभागृह शांत झाले. आम्हांलाही त्या क्षणी उत्तर सुचले नाही. 2020 च्या मे महिन्यात आमच्या घाटकोपरवरून, मुलुंडवरून, द्रुतगती मार्गाच्या कडेने माणसे डोक्यावर बोचकी घेऊन नाशिकच्या दिशेने निघालेली आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. त्यांत आमच्या शेजारच्या चाळीतली दोन कुटुंबे होती. त्या चालण्याला यात्रा म्हणण्याची हिंमत कोणी करू नये.

पुढे कित्येक दिवस ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. मग सोपाऱ्याचा शिलालेख आठवला. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सोपाऱ्यात सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. पश्चिम रेल्वेने बोरिवलीहून थोडेच पुढे गेले की नालासोपारा लागते, इतके ते ठिकाण जवळ आहे. आठव्या लेखाचा विषयच प्रवास हा आहे. पूर्वीचे राजे मौजेसाठी विहारयात्रेला जात, शिकार करत. अशोकाने अभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीच्या स्थानी, म्हणजे बोधगयेला, जाऊन ती रीत सोडली आणि धम्मयात्रा सुरू केली. तीत श्रमण-ब्राह्मणांची भेट, वृद्धांची विचारपूस, दान आणि जनपदातील लोकांशी संवाद ही कामे होती. सहल आणि यात्रा यांतला फरक आपल्या दाराशीच दगडावर कोरून ठेवलेला असताना आपण अजून सहलींच्याच पावत्या फाडतो आहोत.

त्या वडिलांना आम्ही पुढच्या सभेत एवढेच म्हणालो की, पोटासाठी चालणारा माणूस वाटेवर थांबू शकत नाही. तुमचा मुलगा थांबेल. त्याच्या पायात बूट असतील, पाठीवर बेताचे ओझे असेल, संध्याकाळचे जेवण ठरलेले असेल आणि कोठेही उभे राहून “हे काय आहे?” असे विचारण्याचा त्याला हक्क असेल. त्यांचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. मुलाच्या संमतिपत्रावर त्यांनी सही केली, पण आम्हांला वाटते ती आमच्या युक्तिवादामुळे नव्हे, मुलाने हट्ट धरल्यामुळे.

दुसरी भीती बोलून दाखवली गेली नाही, तरी सर्वांच्या मनात होती. अनोळखी गावात पन्नास मुले पाणी मागतील, तेव्हा काय होईल? 1934 साली बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यासाठी निघाले असता दौलताबादच्या किल्ल्यावर टाक्याच्या पाण्याने हातपाय धुतल्यावरून केवढा गदारोळ झाला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तीही लेणी पाहायला निघालेली सहलच होती. काळ बदलला हे खरे. तरी काही वर्षांपूर्वी एका पदभ्रमणात, ज्या गावाचे नाव आम्ही येथे घेणार नाही, तेथील एका गृहस्थांनी मुलांना हंडा दाखवण्यापूर्वी शाळा विचारली आणि शाळेचे नाव ऐकल्यावर आडनावे विचारली. पाणी मिळाले, पण थोडा वेळ जाऊन. त्या रात्री मुलींच्या गटात जी चर्चा झाली, ती नागरिकशास्त्राच्या कोणत्याही तासाला झाली नव्हती. त्याच प्रवासात पुढच्या पाड्यावर एका आजीने सगळ्यांना ताक पाजले आणि आडनाव विचारायचे राहूनच गेले. दोन्ही अनुभव मुलांना मिळाले पाहिजेत, आणि सोबत शिक्षक असताना मिळाले पाहिजेत. बसला पाण्यासाठी थांबावे लागत नाही, म्हणून बसमधल्या मुलाला यांतले काहीच कळत नाही.

आता व्यवहाराच्या गोष्टी. कान्हेरीहून डोंगर ओलांडून थेट मुलुंडला उतरावे, असे नकाशा पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते. राष्ट्रीय उद्यानातून तसे मनास येईल तसे जाता येत नाही. तेथे वनखात्याचे नियम आहेत आणि बिबटेही आहेत. उद्यान सोमवारी बंद असते, तेव्हा निघण्याचा वार पाहून ठरवावा. आमचे मत असे की, कान्हेरीहून बोरिवलीला परत उतरावे आणि कल्याणपर्यंत लोकलने जावे. यात कमीपणा नाही. साष्टी हे बेट होते. कान्हेरीचा भिक्खूही कल्याणला जाताना कोरड्या पायांनी गेला नसेल, खाडीत होडीत बसला असेल. आपली होडी लोकल.

कल्याणपासून मुरबाड तीसेक किलोमीटर. तेथून जवळजवळ तेवढेच वैशाखरे. हे तीन दिवस सपाट आहेत, पाय तयार होतात. चौथ्या दिवशी घाट चढायचा, दगडी पायऱ्यांनी. माथ्यावर तो रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी पडत असे लोक सांगतात. तेथून घाटघरमार्गे, चावंड बाजूला ठेवत, कुकडीच्या खोऱ्याने जुन्नर. जुन्नरला किमान दोन दिवस द्यावेत. एका दिवसात चार डोंगर उरकणाऱ्याने मुळात येऊच नये.

अडचण आहे ती मधल्या सांध्याची. जुन्नर ते मावळ या पट्ट्यात नारायणगाव ते चाकण हा महामार्ग आहे, मालमोटारींनी भरलेला. तेथे मुलांना चालवणे आम्हांला मान्य नाही. तेवढा भाग एसटीने करावा. सलग चालल्याचा दाखला कोणाला दाखवायचा आहे? पण चाकणनंतर पुन्हा उतरावे, कारण पुढे देहूरोड आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी तेथे बुद्धमूर्तीची स्थापना केली, नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधी. दोन्ही सहली वेगळ्या काढल्यामुळे हे ठिकाण आजवर आपल्या मुलांच्या वाटेत आलेच नाही. जुन्नरची बस एका रस्त्याने जाते, कार्ल्याची दुसऱ्या. वाटा जोडल्या की देहूरोड आपोआप मधोमध येते, आणि इसवी सनापूर्वीच्या भाज्यापासून विसाव्या शतकातल्या विहारापर्यंतचा पल्ला एका दिवसाच्या चालीत मावतो. एकत्र करण्याचा याहून मोठा लाभ आम्हांला दिसत नाही.

व्यवस्थेसाठी शेजारीच एक शाळा आहे. आळंदी-देहूची वारी दरवर्षी दोन-तीन आठवडे चालते. तीत वयस्क बाया असतात, अनवाणी माणसे असतात. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवू, पण पुढे गेलेला सामानाचा ट्रक, ठरलेला मुक्काम, दिंडीतील क्रम, पाण्याचा टँकर या गोष्टी पाहून शिकण्यासारख्या आहेत. गरीब माणसाला लांबचे चालणे महागड्या साहित्याशिवाय जमते, हे तिने सिद्ध केलेले आहे. दुकानात चार-पाच हजारांचे बूट दाखवणाऱ्या सहलकंपन्यांकडे आपण जाण्याचे कारण नाही.

वेळ आश्विन पौर्णिमेनंतरची. वर्षावास संपून भिक्खू चारिकेला निघत तो हाच काळ. पाऊस ओसरलेला असतो, ओढ्यांना पाणी असते, राजमाचीहून कोंडाण्याकडे उतरणारी वाट वाळलेली असते. पहिल्या वर्षी फक्त नववीचा वर्ग न्यावा, मुले आणि मुली दोन्ही. मुलींना फक्त लोकलच्या टप्प्यापुरते न्यावे अशीही एक सूचना आली होती. ती आम्ही ऐकून घेतली आणि सोडून दिली.

गेल्या माघात आम्ही आणि दोन सहशिक्षक कोंडिविटे ते कान्हेरी हा पहिला टप्पा चालून पाहिला. आरे वसाहतीतून सकाळ छान गेली. महामार्गालगतचे दोन तास धूर खाण्यात गेले. उद्यानाच्या दारापासून लेण्यांपर्यंतचा शेवटचा चढ गुडघ्यांना कळला. तिसऱ्या लेण्याच्या चैत्यात पोहोचलो तेव्हा आमच्यातले गणिताचे सर खांबाला टेकून बसले आणि तेथेच झोपी गेले. ज्या शिक्षकांच्या गुडघ्यांची तक्रार असेल, त्यांच्यासाठी सामानाच्या टेम्पोत पुढची एक जागा राखून ठेवावी, अशी तरतूद आम्ही आराखड्यात केली आहे. त्या जागेसाठी आतापर्यंत एकच अर्ज आला आहे, आणि तो आमचा आहे.