पणजाचा पुरावा

भावांनो, भीमा कोरेगावच्या स्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावं आहेत. त्यात ‘नाक’ शेवटाची २२, आपली. जो तो त्यातला एक आपला पूर्वज सांगतो. माझा नाही. आमचा बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाचा. आमचे बापजादे कंपनीच्या पलटणीत नव्हते, येसकरकी करत होते, ढोरं ओढत होते. त्यांचा दगड कुठाय?

दाखल्याला बाबू म्हणतो, १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा आण, पणजाचा शाळेचा उतारा आण. आरं, त्याला शाळेच्या पायरीवर कुणी उभं केलं होतं? पाटलाची वंशावळ भाटाच्या वहीत. आमची गावकुसाबाहेर, तीही एकेरी हाकेत.

म्हाताऱ्या मरायच्या आत नावं उतरवा. आजीनं काल चार सांगितली. आज गिरणी सुटल्यावर पाचवं विचारणार हाय.