जुनी पिस्तुले निकामी करावीत का? #थ्रेड

१/७
खिशात मावणारी जुनी पिस्तुले जमवण्याचा छंद ब्रिटन-अमेरिकेत चांगलाच रुजलेला आहे. अशी पिस्तुले कायमची निकामी करणेच सुरक्षित, असे अनेकांना वाटते. परंतु हा न्याय सरसकट लावणे म्हणजे इतिहासाचा पुरावा आपल्याच हाताने पुसणे होय.

२/७
पुरावा कोणता? १४ एप्रिल १८६५ रोजी जॉन विल्क्स बूथने अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली ती फिलाडेल्फियाच्या हेन्री डेरिंजरने घडवलेल्या एकबारी पिस्तुलाने. ते आज वॉशिंग्टनमधील फोर्ड्स थिएटरच्या संग्रहालयात आहे.

३/७
हे पिस्तूल चोरून तेथे नक्कल ठेवली गेल्याची शंका पुढे निघाली. १९९७ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने ते जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले. लाकडाच्या रेषा आणि अंगावरच्या खुणा जुळल्या; पिस्तूल अस्सल ठरले. दस्तऐवजातील अक्षरांइतकेच वस्तूवरील ओरखडेही बोलतात, ते असे.

४/७
निकामी करताना नळी चिरतात, आत पोलाद वेल्ड करतात, घोडा-चापाचे भाग कापतात. १८व्या शतकातील अनेक इंग्लिश पिस्तुलांची नळी फिरवून काढता येई आणि मागून दारू-गोळी भरली जाई. ती नळी वेल्डने जखडली, की ही सारी युक्तीच अभ्यासकाला दिसेनाशी होते.

५/७
तरीही भीती निराधार नाही. जुनी काडतुसी शस्त्रे गुन्ह्यांत सापडू लागल्यावर ब्रिटनने २०२१ मध्ये सात काडतूसप्रकार सवलतीच्या यादीतून वगळले. २०१५ च्या पॅरिस हल्ल्यांनंतर युरोपीय संघानेही शस्त्रे निकामी करण्याचे निकष कडक केले.

६/७
म्हणजे धोका ठरतो तो केवळ वयाने नव्हे, तर बार कसा भरला जातो आणि काडतूस आज मिळते का, यावरून. ब्रिटिश नियम नेमके हेच पाहतात: १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची घडण, आणि त्यासोबत ठासणीची रचना किंवा कालबाह्य काडतूस. शस्त्र केवळ कुतूहलाची वा शोभेची वस्तू म्हणून बाळगले, तरच सूट.

७/७
हीच विभागणी रास्त आहे. काडतूस सहज मिळणारे पिस्तूल अवश्य निकामी करावे, तेही प्रमाणपत्रासह. ठासणीचे पिस्तूल मात्र अखंड राखावे, कुलुपात ठेवावे आणि त्याची नोंद करावी. कुलूप उद्या उघडता येईल. चिरलेली नळी पुन्हा सांधता येणार नाही.