विश्लेषण : रीलवर मान ‘कट्’कन वाजते, पण पेण-रोह्याच्या पाठीचं काय?

मान एका बाजूला वळवली, ‘कट्’ असा आवाज आला आणि पेशंट हसत उठला. हे रील तुमच्याही फोनवर आलं असेल. मान वळवणारा तो कायरोप्रॅक्टर. मणक्यांवर हाताने दाब देऊन उपचार करणारा.

आता पेणला या. हमरापूर, जोहे भागातल्या गणपतीच्या कारखान्यांत वर्षभर काम चालतं. जमिनीवर बसून, मान वाकवून तासन्‌तास रंगकाम आणि डोळ्यांची आखणी. रोह्यात धाटावच्या एमआयडीसीत ओझी उचलणारे कंत्राटी कामगार. दोन्ही तालुक्यांतली कातकरी कुटुंबं हंगामात वीटभट्ट्यांवर जातात. कंबर धरली की बाम, गोळी नाहीतर गावातला हाड बसवणारा. मुंबईला जावं तर दिवसाची मजुरी बुडते. (आणि मुंबई-गोवा हायवेचे खड्डे असतातच.)

हे शिकायला किती वेळ लागतो?

१८९५ मध्ये अमेरिकेतल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर यांनी पहिला उपचार केला तो हार्वी लिलार्ड यांच्यावर. ते साफसफाईचं काम करणारे कृष्णवर्णीय कामगार होते. दोन वर्षांत पामर यांनी शाळाही काढली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ च्या निकषांनुसार नव्याने शिकणाऱ्याला चार वर्षांत किमान ४,२०० तास हवेत, त्यातले १,००० तास देखरेखीखाली पेशंटवर. आपल्याकडे २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यात फिजिओथेरपिस्ट आहेत, कायरोप्रॅक्टर नाहीत.

मग पुढाकार कोणी घ्यायचा?

माझं मत स्पष्ट आहे. शहरात आणखी एक महागडी संस्था निघाली तर पेणच्या मूर्तिकाराला काही फरक पडणार नाही. मणक्यावर हाताने उपचार करण्याचं तंत्र फिजिओथेरपीतही शिकवतात. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी सुचवलेल्या उपायांत व्यायाम आणि रुग्णशिक्षणासोबत हे तंत्रही आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने इंटर्नशिपचे काही महिने पेण आणि रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयांत ठेवावेत. तिथून आठवड्यातला एक दिवस कारखान्यात आणि भट्टीवर. इंजिनीअरिंगला आम्ही बीमवर भार कुठे येतो ते कागदावर सोडवायचो. डोक्यावर विटा घेतलेल्या बाईच्या मणक्यावर तो कुठे येतो, हे भट्टीवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. कारागिराला बसायला योग्य उंचीचा पाट आणि मूर्ती ठेवायला फिरतं टेबल सुचवणं, हाही त्या शिक्षणाचा भाग हवा.

मान मोडून घेण्याआधी

पाठदुखीसोबत संध्याकाळचा ताप, घटणारं वजन किंवा रात्री वाढणारं दुखणं असेल तर तो मणक्याचा क्षय असू शकतो. आपल्या देशात क्षयरोग मोठ्या प्रमाणावर आहे, त्यामुळे ही शक्यता सोडून चालत नाही. अशा मणक्यावर जोर दिला तर इजा होऊ शकते. आधी डॉक्टर, एक्स-रे. पाय बधिर झाले किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.