प्रयोगशाळेचें दार

कुबड्यांवर चालणाऱ्या एका हुशार विद्यार्थ्यास मीं पूर्वीं सांगितलें होतें, "बाळ, तूं कलाशाखेकडे जा." कारण एवढेंच कीं, प्रयोगशाळा माडीवर होती आणि तेथील मेजांशीं उभें राहूनच काम करावें लागे. उणीव इमारतींत होती, मुलाच्या बुद्धींत नव्हती, हा भेद मला उशिरां कळला.

आमच्या कोल्हापुरांत नसीमा हुरजूक यांनीं स्वतः चाकाच्या खुर्चीवर बसून १९८४ सालीं 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली व उचगांवीं अपंग मुलांसाठीं वसतिगृह उभारिलें. असें शाळेपर्यंत आलेलें मूल शास्त्राच्या दारांत कां अडावें? अमेरिकेतील गीरात व्हर्मेय हे अंध जीवशास्त्रज्ञ शंखशिंपल्यांचें संशोधन बोटांच्या स्पर्शानें करीत आले आहेत.

लागतें तें फार नाहीं: बारा फुटांस एक फूट चढणारा उतार, खालीं गुडघे शिरतील असें कमीजास्त उंचीचें मेज, बसल्या हातीं पोहोंचणारी तोटी, अंश बोलून सांगणारा तापमापक, आणि बहिऱ्यांसाठीं धोक्याच्या घंटेबरोबर दिवा. त्याच उतारावरून शिपायाची जड पेटीही सुखानें जाते.

सरकारमान्य शिक्षणसंस्थांची इमारत सर्वांस सुगम असावी, असें २०१६ चा कायदाही सांगतो. नियामक मंडळांवरील वाचकांनीं नव्या प्रयोगशाळेच्या नकाशावर सही करण्यापूर्वीं एवढेंच विचारावें: "या दारांतून चाकाची खुर्ची जाईल ना?" मीं तसा प्रश्न त्या मुलासाठीं कोणासच विचारला नाहीं.