ज्वरानंतरची वंदना

सानपाड्यातील एका कुटुंबात, घरचे सर्वजण ज्यांना दादा म्हणतात त्या आजोबांना श्रावणात चिकुनगुनिया झाला. ज्वर आठवड्याभरात उतरला. गुडघे व घोटे मात्र दिवाळी जवळ आली तरी सकाळी सरळ होईनात. आफ्रिकेतील माकोंडे भाषेतून आलेल्या या नावाचा अर्थच मुळी ‘वाकवणारा’ असा. आणि दिवाळीनंतर सहकुटुंब सम्मेदशिखरजीची यात्रा ठरलेली! तेथील वंदना म्हणजे सुमारे २७ किलोमीटरांची वाट : ९ चढाची, ९ टोंकांच्या परिक्रमेची, ९ उताराची.

रेल्वेच्या तिकिटाबरोबर ४५ पैशांत विमा मिळाला, तेव्हा मुलगा निश्चिंत झाला. परंतु तो विमा रेल्वे अपघातापुरता. प्रवासात ताप उलटला तर त्याचा उपयोग नाही. म्हणून प्रवासविम्याचा अर्ज आणला गेला. अलीकडील आजारांच्या रकान्यापाशी मुलगा म्हणाला, “दादा, ताप तर गेला. ‘नाही’ लिहू या.”

“ताप गेला, गोळ्या चालू आहेत ना?” दादांनी चष्मा लावला आणि आजाराचे नाव, तारीख, औषधे स्वहस्ते लिहिली.

हा केवळ सचोटीचा प्रश्न नव्हे. विचारलेली बाब लपवली, की दावा नाकारण्यास कंपनीला आयतेच कारण मिळते. दाव्याच्या वेळी उपचारांची जुनी कागदपत्रे मागवली जातात. खरे लिहिल्यावर कंपनीने सांधेदुखीचा खर्च वगळला, पण घसरून हाड मोडल्यास मिळणारे संरक्षण कायम राहिले. घरातली जुनी आरोग्यविमा पॉलिसी मात्र अशा वेळी अनेकांच्या ध्यानातून सुटते. ती आजाराच्या आधीपासून अखंड चालू असेल, तर हा ज्वर तिच्या लेखी ‘पूर्वीचा आजार’ ठरत नाही. झारखंडातील रुग्णालय कंपनीच्या यादीत नसल्यास आधी पैसे भरून प्रत्येक बिल जपावे लागते, एवढेच.

वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध केलेला प्रवास बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. म्हणून डॉक्टरांची चिठ्ठी घेतली. त्यांनी प्रवासास होकार दिला, चढास नाही. पूर्वी दोनदा पायी वंदना केलेल्या दादांना डोली हे नावही नको होते. दोन दिवस घरात अबोला राहिला. अखेर डोली ठरली, पण एका अटीवर : पार्श्वनाथांच्या टोंकेच्या पायऱ्या ते स्वतः चढतील. सूनबाईंनी सामानात काठी आणि शेकाची पिशवी भरली.