फाइल माळ्यावर टाकू नका

बारामतीत कुणाला तोंडाचा कॅन्सर झाल्याचं कळलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "साहेबांना नाही का झाला होता?" धीर द्यायला हे वाक्य चांगलंच आहे. शरद पवारांना 2004 मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत, हा आजार असल्याचं कळलं. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. तुमच्याकडे सहाच महिने आहेत, महत्त्वाची कामं उरकून घ्या, असं एका डॉक्टरने सुचवल्याचा किस्सा त्यांनी स्वतः सांगितला आहे. त्यानंतर ते दहा वर्षं देशाचे कृषिमंत्री होते, आणि ऑक्टोबर 2019 मध्ये साताऱ्याच्या सभेत भर पावसात उभे राहून बोलले, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं.

पण हेच वाक्य पानटपरीवरही ऐकू येतं, तळहातावर तंबाखू मळता मळता. तिथे त्याचा अर्थ असा होतो की, झाला तरी काय होतंय! खुद्द पवार काय सांगतात ते मात्र तिथे कुणी सांगत नाही. 2018 मध्ये दंतवैद्यांच्या एका कार्यक्रमात त्यांनी आपल्या जुन्या सवयीबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला होता. दात काढावे लागले, तोंड नीट उघडेना, गिळायला आणि बोलायला त्रास झाला, हे त्यांनी उघडपणे सांगितलं. किस्सा सांगायचाच तर एवढा पूर्ण सांगावा.

आणखी एक गोष्ट मला खटकते. कॅन्सरमधून वाचलेल्याची कहाणी आपण 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळतो. मग जो वाचला नाही त्याची जिद्द कमी पडली का? आर. आर. आबा फेब्रुवारी 2015 मध्ये तोंडाच्या कॅन्सरने गेले, वय अवघं 57. अंजनीसारख्या खेड्यातून निघून राज्याचा गृहमंत्री झालेल्या माणसात जिद्द नव्हती असं कोण म्हणेल? आजार कधी लक्षात आला, कुठल्या टप्प्यावर होता, इलाज पूर्ण झाला का, त्यानंतर तपासणी होत राहिली का, यावर खूप काही अवलंबून असतं. जिद्दीची कौतुकं करून आपण हा सगळा भार एकट्या रुग्णाच्या डोक्यावर टाकतो आणि मोकळे होतो.

आपल्या मोहल्ल्यात तर इलाज संपला की गोष्टच संपते. शेवटचं रेडिएशन घेऊन माणूस घरी येतो, नियाज होते, इंदापूरकर चांदशावलीच्या दर्ग्यात जाऊन फुलं चढवतात, सगळे म्हणतात अल्लाहने शिफा दिली. म्हणावंच. पण त्याच आठवड्यात रिपोर्टांची ती जाड फाइल प्लास्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर जाते. तिच्यात पुढच्या तपासणीची तारीख लिहिलेली असते, ती कुणी वाचत नाही. तोंडाचा कॅन्सर उलटतो तेव्हा बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन वर्षांतच उलटतो. म्हणून तर सुरुवातीला दर दोन-तीन महिन्यांनी बोलावतात. "आता काही दुखत नाही, उगाच कशाला दिवस मोडायचा?" असं घरचे म्हणतात. दुखायला लागायच्या आधी कळावं म्हणूनच ती तारीख असते.

शिवाय इलाजाने आजार जातो, पण इलाजाच्या खुणा मागे राहतात. तोंडाला रेडिएशन दिलेल्या माणसाची लाळ आटते आणि दात भराभर किडतात. अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात जाऊन दाढ उपटून आणणं धोक्याचं आहे, कारण त्या जबड्याचं हाड लवकर भरून येत नाही. दाताच्या डॉक्टरला आधी रेडिएशनबद्दल सांगायलाच हवं. तोंड हळूहळू कमी उघडू लागतं, म्हणून रोज व्यायाम सांगितलेला असतो. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि हळूहळू एकेक काडी वाढवायची. एवढ्या साध्या गोष्टीला पोरं हसतात म्हणून माणूस ती सोडून देतो. मानेला रेडिएशन झालं असेल तर पुढे थायरॉईड मंदावू शकतं. त्याचा थकवा आपल्याकडे 'कमजोरी' म्हणून टॉनिकच्या बाटलीवर भागवला जातो. खरं तर रक्ताच्या एका तपासणीत ते कळतं.

बायकांचं तर आणखी अवघड. मिश्री लावणाऱ्या कितीतरी खाला-चाच्या आपल्या घरात आहेत, आणि मिश्री म्हणजे तंबाखू नव्हे अशी त्यांची पक्की समजूत. छातीच्या कॅन्सरचं तर नावच घेतलं जात नाही, 'गाठ होती, काढली' एवढंच. मी उर्दू शाळेत मराठी शिकवते. मुली मधल्या सुट्टीत सांगतात ते मोठ्यांच्या बैठकीत कधी येत नाही. एकीची आई इलाज होऊन दीड वर्ष झालं तरी तपासणीला गेली नव्हती. कारण काय, तर मोठ्या बहिणीचा रिश्ता चालू होता आणि पाहुण्यांना कळलं असतं. छातीच्या कॅन्सरपैकी फार थोडे, शंभरात पाच-दहाच, घराण्यातून थेट आलेल्या दोषामुळे होतात. तरी सासरची माणसं मुलीकडे संशयाने बघतात आणि त्या भीतीने आई डॉक्टरकडे जात नाही.

अशा पुष्कळ बायकांना ऑपरेशननंतर हार्मोनची रोज एक गोळी पाच वर्षं, काहींना त्याहून जास्त, घ्यायची असते. वर्षभरात "आता मी बरी आहे" म्हणून ती बंद होते. काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. त्याला व्यायाम आहे, आणि भाजणं-कापणं जपावं लागतं. पण घरी आल्याच्या महिन्याभरात तोच हात पुन्हा तव्यावर आणि कपड्यांच्या बादलीत असतो.

रमजान आला की अशी बाई दाराआड लपून गोळी घेते, जणू चोरी केली. सूरह बकराच्या 184 आणि 185 या आयतींत आजारी माणसाला रोजातून सूट आहे, नंतर भरून काढायची किंवा फिदयाची सोय आहे. ज्या गोष्टीला अल्लाहने रुखसत दिली तिला सासू आणि शेजारीण देत नाहीत. उंट बांधण्याची हदीस आपल्या सगळ्यांना पाठ आहे. गोळी वेळेवर घेणं हेही उंट बांधणंच आहे.

खाण्याच्या बाबतीत हे खाऊ नको, ते खाऊ नको याची यादी प्रत्येकाकडे तयार असते. साखर कारखान्यांच्या या तालुक्यांत साखरेने कॅन्सर वाढतो हे सांगणारे भेटतात आणि पेशंटचा चहासुद्धा बंद करतात. चालायला मात्र कुणी सांगत नाही. 2025 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरचा एक अभ्यास आला. किमो संपलेल्या 889 जणांपैकी अर्ध्यांकडून तीन वर्षं देखरेखीखाली व्यायाम करून घेतला, बाकीच्यांना नुसती माहितीपुस्तिका दिली. पाच वर्षांनी व्यायाम करणाऱ्यांत सुमारे 80 टक्के लोक आजार न उलटता होते, दुसऱ्या गटात सुमारे 74. तो अभ्यास एकाच प्रकारच्या कॅन्सरचा आहे हे खरं, पण डॉक्टरला विचारून चालायला सुरुवात करायला कोण अडवतंय? नीरा डावा कालवा बारामतीतूनच जातो. फजरनंतर दोघी-तिघींनी मिळून त्याच्या कडेने अर्धा तास चालावं. बुरखा घालून चालायलाही हरकत नाही, आणि लोक चार दिवस बघतील, पाचव्या दिवशी विसरतील.

आता पैशाचं. ऑपरेशन, किमो, रेडिएशन यांना महात्मा फुले योजनेचा आधार मिळतो. कमी पडलं तर जुम्म्याच्या नमाजनंतर चादर फिरते आणि लोक खिसे मोकळे करतात, हे मी पाहिलं आहे. पण तपासणीसाठी परळला किंवा पुण्याला जायचं भाडं, सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी, यासाठी कुणी चादर फिरवत नाही. 'बरा झालेला' माणूस मदतीला पात्र वाटत नाही. गरीब घरात तपासणी चुकते ती बहुतेक याच पैशांमुळे, आणि तो खर्च ऑपरेशनपुढे अगदी किरकोळ असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रत्येक मशिदीच्या जमातीने जकातीच्या रकमेतला थोडा हिस्सा अशा गरजू घरांच्या तपासणीच्या फेऱ्यांसाठी वेगळा ठेवावा, आणि एका जबाबदार माणसाकडे तारखांची वही द्यावी. बायकांची वही एखाद्या आपाकडे असावी, म्हणजे नाव बाहेर जाणार नाही. दुसरं, रेल्वेची कॅन्सर रुग्णांसाठीची सवलत नुसत्या इलाजापुरती नाही, ठरावीक तपासणीच्या प्रवासालाही मिळते. स्लीपर आणि थ्री-टियर एसीत रुग्णाला पूर्ण भाडं माफ आहे, सोबत्याला 75 टक्के. त्यासाठी हॉस्पिटलचा दाखला लागतो, तो प्रत्येक वेळी मागून घ्यावा. इंदापूरच्या लोकांना गाडी भिगवणला मिळते, बारामतीकरांना दौंडला. दाखला आणि पुढची तारीख दोन्ही त्या फाइलमध्येच ठेवा, आणि फाइल खाली, हाताशी असू द्या.