बांधावरच्या गोष्टी : पिशवीतली चिठ्ठी



भात झोडून झाले, भरडून झाले, पोती ओसरीवर लागली, की घरोघरी एकच विषय निघतो. पिकवले तर खरे, आता विकायचे कसे? दारात येणारा व्यापारी आपल्या भावाने घेतो. त्याला काही समजावून सांगावे लागत नाही. पण अलीकडे आपल्यातली बरीच मंडळी माल थेट शहरात नेऊ लागली आहेत. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला, शेतकरी आठवडी बाजारांनाही चालना दिली. तेव्हापासून शहरातल्या सोसायट्यांच्या दाराशी आपले टेम्पो जास्त दिसू लागले.

थेट विक्रीत दोन पैसे जास्त सुटतात. पण तिथले गिऱ्हाईक आपल्याला ओळखत नाही. त्याला आपली ओळख करून द्यावी लागते आणि आपण गावी परतल्यावर ती टिकवावी लागते. रोज उठून शहरात जाणे कुणाला परवडणार? तेव्हा हे काम लिहूनच करावे लागते. आज त्या लिहिण्याविषयी बोलू. सुरुवात माझ्याच एका फजितीपासून करतो.

मावळातल्या एका शेतकऱ्याचा इंद्रायणी तांदूळ घेऊन आम्ही प्रथमच मुंबईत पवईला गेलो होतो. पाच-पाच किलोच्या चाळीस पिशव्या. एका मोठ्या सोसायटीच्या फाटकाशी जागा मिळाली होती. शेतकरी म्हणाला होता, “साहेब, तुमी शिकलेली माणसं. एक कागुद लिवून द्या, लोकांना वाटू.” मी लिहून दिला. ‘उत्कृष्ट प्रतीचा, सुगंधी, सेंद्रिय, विषमुक्त, आरोग्यदायी तांदूळ. ग्राहकांनी या सुवर्णसंधीचा लाभ घ्यावा.’ आमच्या खात्यातली परिपत्रके लिहून लिहून हाताला जे वळण लागले आहे, तेच त्या कागदात उतरले. शंभर प्रती काढल्या.

दहा वाजेपर्यंत अकरा पिशव्या गेल्या. माझे कागद मात्र बाकावर, पायरीवर, कुंडीत पडले होते. रखवालदाराने एकाची पुडी करून त्यात सुपारी बांधली होती.

एवढ्यात एक आजी आल्या. त्यांनी चष्मा सावरून कागद पूर्ण वाचला. त्या दिवशी तो वाचणाऱ्या बहुधा त्या एकट्याच. मग शेतकऱ्याला विचारले, “सेंद्रिय म्हणजे युरिया अजिबात घातला नाही ना रे?”

शेतकऱ्याने माझ्याकडे पाहिले. मी समोरच्या रस्त्याकडे पाहू लागलो. भाताला शेणखत भरपूर घातले होते हे खरे. पण फुटव्यांच्या वेळी एकदा युरियाही दिला होता, आणि तो माझ्याच सल्ल्याने! ‘सेंद्रिय’ हा शब्द मी केवळ शोभेसाठी लिहिला होता. तो माणूस क्षणभर थांबला आणि म्हणाला, “आजी, एक डाव टाकलाय. फुटवं कमी हुतं म्हणून. खोटं कशाला बोलू?”

मला वाटले, संपले. आजींनी कागदाची घडी घातली, परत केली आणि म्हणाल्या, “दोन पिशव्या दे.”

मी खिशातले पेन काढले आणि उरलेल्या प्रत्येक कागदावरचा तो शब्द खोडला. लाज वाटली, पण धडाही मिळाला. गिऱ्हाईक शब्द विकत घेत नाही, शब्दामागचा माणूस पारखून घेते. तसाही ‘सेंद्रिय’ हा वाटेल तिथे चिकटवायचा शब्द राहिलेला नाही. २०१७ साली त्याचे नियम झाले आहेत. पण नियम नसते तरी आपल्या जिभेला काही बंधन असावे की नाही?

आता पवईचीच एक जुनी हकीकत सांगतो. आज तिथे वीस-वीस मजली इमारती आहेत, आय.आय.टी. आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी ते गाव शेतीचे होते. १८३० च्या सुमारास फ्रामजी कावसजी बनाजी नावाच्या पारशी व्यापाऱ्याकडे पवईची जमीन होती. त्यांनी तिथे ऊस, तुती अशी पिके लावून पाहिली, आंब्याची झाडे जोपासली. १८३८ साली त्यांनी मुंबईचे आंबे आगबोटीने थेट इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीकडे भेट म्हणून पाठवले. त्या काळी एवढा प्रवास नासक्या फळाने करायचा म्हणजे केवढे धाडस! पण त्या माणसाला एक गोष्ट ठाऊक होती. माल कितीही गोड असो, दूरच्या माणसाला तो आहे हे कळल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही. आपल्याकडे म्हणतातच, बोलणाऱ्याचे कुळीथ खपतात, न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात.

मात्र बोलायचे कसे, हे शिकायला शेतकऱ्याच्या घरातलेच उदाहरण आहे. ते नांगराचे आहे.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हा तो कुणी घेईना. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. अशी शंका मोठ्या अक्षरातल्या जाहिरातीने जात नाही. उलट ती वाढते. १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ माळावर किर्लोस्करवाडी वसली. नांगर, कडबा कापण्याची यंत्रे, उसाचे चरक असा माल तिथे होऊ लागला. पुढे लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ हे छोटे मासिक काढले. कारखान्याची बातमी गिऱ्हाइकापर्यंत पोचावी, हा मूळ हेतू.

पण शंकरराव हुशार. नुसते ‘आमचा नांगर घ्या, आमचा नांगर घ्या’ असे दर महिन्याला लिहिले, तर कोण वाचणार? त्यांनी वाचणाऱ्याच्या उपयोगाचे, आवडीचे लिहिणे छापायला सुरुवात केली. उद्योगधंद्याची माहिती आली, आरोग्य आले, घरगुती विषय आले, गोष्टी आल्या. पुढे ‘खबर’ हा शब्द गळून नुसते ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’ ही भावंडे निघाली. ज्यांच्या घरी शेती नाही, नांगर नाही, अशाही घरांत ती वाचली जात. किर्लोस्कर हे नाव असे घरातले झाले. घरातल्या नावावर माणूस लवकर विश्वास ठेवतो.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेत जॉन डीअर यांच्या नांगराच्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ नावाचे नियतकालिक काढले. फरो म्हणजे नांगराने पडलेला तास. शेती नीट कशी करावी हे त्यात शेतकऱ्याला सांगितले जाई. ते आजही निघते. दोन खंडांतले दोन नांगरवाले, आणि दोघांनाही एकच गोष्ट सुचली! आधी वाचणाऱ्याच्या कामाचे बोला, मग आपल्या मालाचे.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, ते कारखानदार. आम्ही कुठले मासिक काढणार? मासिक काढूच नका. पिशवीत एक चिठ्ठी घाला. तीच मोबाइलवरून गिऱ्हाइकाला पाठवा. बस्स.

पुन्हा मावळात येतो. पवईहून परतल्यावर पंधरा दिवसांनी त्या आजींचा फोन आला. “अरे, तुझ्या तांदळाचा गोळा होतो!” शेतकरी घाबरला. पण त्याच्या सुनेने फोन घेतला आणि विचारले, “आजी, पाणी किती घालता?” आजी नेहमीच्या जुन्या तांदळाइतकेच पाणी घालत होत्या. इंद्रायणी मुळातच मऊ शिजणारा. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेले हे वाण, त्याच्यात आंबेमोहराचे रक्त आहे. त्यातून तांदूळ नवा. त्याला पाणी कमी लागते, हे आपल्या घरातल्या पोरीलाही ठाऊक. पण पवईच्या दहाव्या मजल्यावर ते कोण सांगणार?

त्या रात्री सुनेने वहीच्या कागदावर एक चिठ्ठी लिहिली. ती माझ्याकडे आहे. जशी आहे तशी देतो.

‘हा तांदूळ नवा आहे. मऊ होतो. एका वाटीला दोन वाट्यांहून थोडे कमी पाणी घाला. धुऊन अर्धा तास निथळत ठेवा. मोकळा भात हवा असेल तर हा तांदूळ घेऊ नका. वरण-भात, दहीभात, खिचडीला चांगला. आमच्या ओढ्याकाठच्या खाचरातला आहे. शेणखत घातले, एकदा युरिया दिला. डब्यात कोरड्या जागी ठेवा, ओला हात लावू नका. काही विचारायचे असेल तर संध्याकाळी सातनंतर फोन करा, दिवसा आम्ही शेतावर असतो.’

खाली भाव, नाव आणि फोन नंबर.

माझ्या कागदात जे नव्हते, ते सगळे या चिठ्ठीत आहे. पहिल्याच ओळीपासून घेणाऱ्याच्या कामाचे बोलणे आहे. माल कुठला, कसा पिकला, हे नेमके सांगितले आहे. ‘उत्कृष्ट’ कुणीही लिहितो, ‘ओढ्याकाठचे खाचर’ त्याच घरचे असते. दोष लपवलेला नाही. कुणी घेऊ नये तेही लिहिले आहे, त्यामुळे ज्याने घ्यावे त्याचा भरवसा वाढतो. आणि शेवटी विचारायला दार उघडे ठेवले आहे.

मग दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सून चार ओळी पाठवू लागली. कधी लावणीचा फोटो, कधी तांदळाला किडे होऊ नयेत म्हणून काय करावे, कधी कण्यांच्या घावनांची कृती. विकायला काही नसतानाही ती लिही. लोक प्रश्न विचारत, तोच तिचा पुढच्या महिन्याचा विषय. त्यामुळे काय लिहू, हा पेच तिला कधी पडला नाही. पिशव्या आता टेम्पो निघण्याआधीच सांगून ठेवलेल्या असत.

पण गोष्ट इथे संपत नाही. खरी परीक्षा पुढे झाली. एका वर्षी ऐन कापणीत पाऊस आला. भात भिजले, भरडताना तुकडा जास्त पडला. मागण्या आधीच आलेल्या. घरात वाद झाला. मुलगा म्हणाला, “तुकडा काय, शिजला की कुणाला कळतोय?” पैशाची नड होती, पीककर्जाचा हप्ता तोंडावर होता. सासरे गप्प. सुनेने लिहिले, ‘यंदा पावसाने भात भिजला. तांदळात तुकडा जास्त आहे. चव तीच आहे, पण दिसायला तसा नाही. किलोमागे भाव कमी केला आहे. नको असेल त्यांनी कळवावे, राग नाही.’

निम्म्या मागण्या रद्द झाल्या. मी तुम्हाला खोटे सांगणार नाही, त्या घराला त्या वर्षी ओढाताण झाली. उरलेला तांदूळ व्यापाऱ्याला पडत्या भावाने द्यावा लागला. मुलगा आठ दिवस बायकोशी धड बोलला नाही.

पुढच्या हंगामात गेलेल्यांपैकी बरीच घरे परत आली. सगळी आली नाहीत. पण जी आली, त्यांनी भावासाठी घासाघीस केली नाही. आजींनी पाच घरांत चिठ्ठी दाखवली होती. पहिली मागणी नोंदवायला फोन आला, तो त्या मुलाने घेतला. वही आणायला आता तोच उठतो.

तर मंडळी, यंदा तुमची हळद, गूळ, ज्वारी, आंबा, जे काही शहरात जाणार असेल, त्यासोबत एक चिठ्ठी जाऊ द्या. लिहिण्याआधी घरातल्या बायकांना विचारा, कारण माल शेवटी स्वयंपाकघरात जातो आणि तिथली अडचण त्यांनाच कळते. दहा ओळींहून जास्त नको. बोलता तसेच लिहा. भाव स्वच्छ लिहा. मोठे शब्द आले की स्वतःला विचारा, समोर उभे राहून कुणी पुरावा मागितला तर देता येईल का? येत नसेल तर खोडा. आणि एक ठरलेला दिवस धरा. वर्षातून एकदा दहा पाने लिहिण्यापेक्षा महिन्याला चार ओळी बऱ्या. गिऱ्हाईक जोडणे हे फळझाड लावण्यासारखे आहे. पाणी थोडे लागते, पण पाळी चुकवून चालत नाही.

पाहिजे तर आधी एक चिठ्ठी लिहून शेजाऱ्याला वाचायला द्या. त्याला तुमची सगळी कुळकथा माहीत असते. वाचताना तो जिथे हसेल, ती ओळ काढून टाका.

बराय, पुढच्या वेळी बियाणे निवडण्याविषयी बोलू. राम राम.